खरखर कुठे दिसते? एका रेडिओ-छंदाची गोष्ट

मार्च २०१३. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रक्षेपण केंद्रावरून शॉर्टवेव्हवर एक साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला: 'व्हीओए रेडिओग्राम'. निर्माते किम अँड्र्यू एलियट. बोलणं थोडंच, बाकी किरकिरणारे सूर. साध्या रेडिओचा आवाज संगणकात सोडला की 'एफएलडिजी' हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून मजकूर आणि चित्रं काढायचं.

वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्यावर एमएफएसके-३२ मुख्य ठरली: १६ सूर, मिनिटाला साधारण १२० शब्द. मजकूर पाठवताना त्यात जादा बिट घालतात आणि सगळे बिट मागेपुढे पसरवतात. सिग्नल क्षणभर बुडाला, तरी हरवलेलं अक्षर उरलेल्या बिटांवरून सहसा परत मिळतं. चित्राला हे कवच नाही. तिथे प्रत्येक ठिपक्याची छटा म्हणजे थेट सुराची उंची. खरखर आली की चित्रावर डाग पडतात.

गंमत बघा. मजकूर स्वच्छ आला, म्हणून वाट स्वच्छ होती असं होत नाही. चुका गुपचूप दुरुस्त झालेल्या असतात. वाटेचे हाल चित्र सांगतं. म्हणूनच मूळ आवाजाचं रेकॉर्डिंग मोलाचं: ते असेल तर नंतर पुन्हा उलगडता येतं, नसेल तर हातात फक्त निकाल उरतो.

जून २०१७ मध्ये हा कार्यक्रम थांबला. एलियट यांनी तो 'शॉर्टवेव्ह रेडिओग्राम' नावानं खासगी केंद्रांवरून पुढे चालवला.

संशोधनाला लागणार असाल, तर नीटनेटक्या तक्त्याबरोबर कच्ची नोंदही जपा. खरखर तिथेच असते.