मोटारसायकलचे टायर

मोटारसायकलचे टायर : मोटारसायकलच्या चाकाच्या कडेवर बसविलेले, रबर व धागे यांचे बनविलेले आणि हवेने फुगविलेले वेष्टन. वाहन व रस्ता यांचा संबंध फक्त या वेष्टनाद्वारेच येतो. चालू वाहनाचा प्रत्येक टायर तळहाताएवढ्या क्षेत्रानेच जमिनीस टेकलेला असतो आणि वेग वाढविणे, थांबणे व वळणे या तिन्ही क्रियांसाठी लागणारी प्रेरणा तेवढ्याच क्षेत्रातून मिळवावी लागते. चारचाकी वाहनाचा टायर वळणावर जवळजवळ उभाच राहतो. मोटारसायकलचा टायर मात्र वाहनाबरोबर कलतो. त्यामुळे त्याचा आडवा छेद सपाट न ठेवता गोलाकार ठेवावा लागतो. टायर बदलला की वाहनाची वळण्याची रीत बदलते, ही गोष्ट मोटारसायकलच्या इतिहासात वारंवार, आणि पुष्कळदा अपघातांच्या रूपाने, प्रत्ययास आली आहे.

वळणाचे तत्त्व : वळण घेताना वाहनावर बाहेरच्या बाजूस केंद्रोत्सारी प्रेरणा कार्य करते. तिचा तोल साधण्यासाठी चालकास वाहन आतल्या बाजूस कलवावे लागते. टायर अत्यंत पातळ आहे असे मानल्यास कलाचा कोन केवळ वेग व वळणाची त्रिज्या यांवर अवलंबून असतो. वाहनाच्या वजनाचा त्याच्याशी संबंध नसतो. उदा., ४० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी ७२ किमी. वेगाने जाण्यासाठी सु. ४५° कल लागतो. प्रत्यक्षात टायरला रुंदी असते आणि वाहन कलताच जमिनीस टेकणारा बिंदू आतल्या बाजूस सरकतो. त्यामुळे तेवढ्याच वेगासाठी अधिक कलावे लागते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंमी. उंच आहे आणि दोन्ही टायरांचा छेद वर्तुळाकार आहे असे धरल्यास, वरील वळणावर १२० मिमी. रुंदीच्या टायरसाठी हा जादा कल सु. ४·५°, तर १८० मिमी. रुंदीच्या टायरसाठी सु. ७° येतो. रुंद टायर म्हणजे सर्वच बाबतींत चांगली पकड, हा सार्वत्रिक समज यामुळे पूर्णतः खरा ठरत नाही.

कललेला टायर जमिनीवर शंकूसारखा फिरतो. टेबलावर आडवी टाकलेली फुलपात्रासारखी निमुळती वस्तू सरळ न घरंगळता वर्तुळात फिरते, तसाच टायरही कलाच्या दिशेने वळू पाहतो. यातून निर्माण होणारी पार्श्विक प्रेरणा हीच मोटारसायकलच्या वळण्याचा मुख्य आधार असते. चाकाच्या तोंडाची दिशा व प्रत्यक्ष गतीची दिशा यांत पडणाऱ्या अल्प कोनामुळे मिळणारी प्रेरणा तिला पूरक ठरते. या दोहोंचे प्रमाण टायरचा छेद, आतील सांगाडा, रबराचा प्रकार व हवेचा दाब यांनुसार बदलते.

प्रारंभिक काळ : चार्ल्‌स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या व्हल्कनीकरणाच्या प्रक्रियेमुळे रबर टिकाऊ झाले. रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश अभियंत्यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. पण त्यावेळी त्यास व्यावहारिक उपयोग लाभला नाही. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलप यांनी १८८८ मध्ये तीच कल्पना स्वतंत्रपणे पुढे आणली आणि सायकलींच्या शर्यतींतील यशामुळे ती झपाट्याने रूढ झाली. १८८५ मध्ये गोटलीप डाइमलर यांनी तयार केलेल्या पहिल्या पेट्रोल दुचाकीस मात्र लोखंडी धाव बसविलेली लाकडी चाके होती. हवेचे टायर असलेली हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर ही जर्मन मोटारसायकल १८९४ मध्ये विक्रीसाठी तयार होऊ लागली.

सुरुवातीचे टायर सायकलच्या टायरसारखेच अरुंद व उच्च दाबाचे होते. त्यांची जाड कड चाकाच्या वळविलेल्या काठात अडकविलेली असे व ती मुख्यतः हवेच्या दाबामुळेच जागी राही. दाब कमी झाल्यास वळणावर टायर चाकावरून निसटण्याचा धोका असे. कडेत तारेचे कडे बसविलेले टायर १९२० नंतरच्या दशकात प्रचारात आले आणि हा धोका पुष्कळ कमी झाला. याच सुमारास रबरात काजळी मिसळण्याची पद्धत सर्वत्र रूढ होऊन टायरांना काळा रंग व दीर्घ आयुष्य लाभले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत पुढच्या टायरवर लांबीच्या दिशेने पन्हळी आणि मागच्या टायरवर ठोकळ्यांची नक्षी हा सर्वसाधारण संकेत होता. पुढच्या चाकाचे काम दिशा राखण्याचे व मागच्याचे रेटा देण्याचे, ही कल्पना त्यामागे होती. त्या काळी मोटारसायकलला जोडगाडी लावण्याची पद्धतही सर्रास होती. जोडगाडी लावलेले वाहन कलत नसल्याने टायरचा मधला भाग झिजून सपाट होई. पुढे जोडगाडी काढून तेच टायर ठेवल्यास वाहन वळणात सहज कलत नसे. टायरच्या छेदाचा वळणाशी असलेला संबंध चालकांना अशा अनुभवांतून उमगत गेला.

छेद व रबर यांतील सुधारणा : कललेल्या अवस्थेत अधिक रबर जमिनीस टेकावे या हेतूने १९६० नंतरच्या दशकात शर्यतींसाठी त्रिकोणी छेदाचे टायर पुढे आले. उभ्या स्थितीत अरुंद माथा व कलल्यावर रुंद, सपाट कूस असे त्यांचे स्वरूप होते. डनलप कंपनीचा के ८१ हा टायर याच विचारातून सामान्य वाहनांसाठी निघाला. १९६९ मध्ये आइल ऑफ मॅन येथील शर्यतीत माल्कम अपहिल यांनी ट्रायंफ बॉनव्हिल या गाडीवर हे टायर वापरून ताशी १०० मैलांहून (सु. १६१ किमी.) अधिक सरासरी वेगाने फेरी पूर्ण केली. बाजारात मिळणाऱ्या प्रकारच्या मोटारसायकलने हा टप्पा गाठण्याची ही पहिलीच वेळ असल्याने टायरला ‘टीटी १००’ हे नाव मिळाले. त्रिकोणी छेदाचा एक दोष असा की, माथ्यावरून कुशीवर येताना वाहन एकदम आत पडल्यासारखे वाटे. पुढे सलग वक्रतेच्या छेदांनी त्याची जागा घेतली.

१९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास शर्यतींत नक्षीविरहित गुळगुळीत टायर आले. कोरड्या रस्त्यावर त्यांची पकड उत्तम असली, तरी खाचाच नसल्याने ओल्या रस्त्यावर पाणी बाजूस सारता येत नाही व ते निरुपयोगी ठरतात. एंजिनांची शक्ती मात्र टायरांच्या प्रगतीपेक्षा वेगाने वाढत होती. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे सराव करताना ब्रिटिश शर्यतपटू बॅरी शीन यांच्या गाडीचा मागचा टायर ताशी सु. २८० किमी. वेगास निकामी झाला आणि ते गंभीर जखमी झाले. त्यांतून बरे होऊन त्यांनी १९७६ व १९७७ मध्ये ५०० घ. सेंमी. गटाचे जागतिक विजेतेपद मिळविले. टायरचा सांगाडा ही वेगाची खरी मर्यादा होऊन बसली आहे, हे या अपघाताने ठळकपणे दाखविले.

अस्थैर्याचा अभ्यास : दुचाकीच्या स्थैर्याचे गणिती विवेचन फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९ मध्ये केले होते, त्यात चाके कडक व पातळ मानली होती. १९७१ मध्ये रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात टायरच्या गुणधर्मांचा समावेश झाला. टायर कलताच किंवा वळताच पार्श्विक प्रेरणा तत्काळ निर्माण होत नाही, त्यासाठी चाकास काही अंतर फिरावे लागते, ही बाब त्यांनी हिशोबात घेतली. या विश्लेषणातून अस्थैर्याचे तीन प्रकार वेगळे दाखविता आले : संथपणे एका बाजूस कलंडणे, संपूर्ण वाहनाचे नागमोडी झुलणे, आणि हँडलचे जलद थरथरणे. झुलण्याची आवर्तने सेकंदास सु. दोन ते चार व थरथरण्याची सु. सहा ते दहा असतात. एकाच वाहनावर केवळ टायर बदलल्याने ही दोलने उद्भवतात किंवा शमतात, या चालकांच्या अनुभवास त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

अरीय टायर : जुन्या टायरमधील धाग्यांचे थर एकमेकांस छेदून तिरकस जात. अशा सांगाड्याची कूस ताठ असते, पण तो लवकर तापतो व अतिवेगाने फिरताना केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे फुगतो. अरीय टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व त्यांवर स्वतंत्र पट्टा असतो. मोटारींसाठी मिशलिन कंपनीने ही रचना १९४६ मध्ये पेटंट करून प्रचारात आणली. कलणाऱ्या वाहनास अरीय टायरची लवचिक कूस सोसेल की नाही, या शंकेमुळे मोटारसायकलीत ती येण्यास सु. चार दशके लागली. पिरेली कंपनीचा एमपी ७ हा मोटारसायकलचा अरीय टायर १९८३ मध्ये निघाला. कुशीची उंची कमी ठेवल्याने लवचिकतेचा प्रश्न सुटला. मात्र त्यामुळे टायर रुंद व बुटके झाले आणि चाके व निलंबन यांची रचनाही बदलावी लागली. १९८० नंतर काही वर्षे चपळतेसाठी १६ इंच व्यासाचे पुढचे चाक वापरून पाहिले गेले. दशकाच्या अखेरीस वेगवान गाड्यांसाठी १७ इंच हे माप स्थिर झाले. मध्यभागी कठीण व कुशीस मऊ असे दोन प्रकारचे रबर एकाच टायरमध्ये घालण्याची पद्धतही नंतर रूढ झाली.

शर्यतींतील टायरबदल : एकाच वेळी सर्व वाहनांचे टायर बदलल्यास काय घडते, याचे उदाहरण मोटोजीपी या जागतिक मालिकेत मिळते. २००९ ते २०१५ या काळात सर्व स्पर्धकांना ब्रिजस्टोनचे टायर होते. पुढच्या टायरची पकड दणकट असल्याने ब्रेक दाबूनच वळणात खोलवर शिरण्याची शैली रूढ झाली होती. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे नव्याने केलेल्या पृष्ठावर मागचे टायर तग धरीनात, म्हणून शर्यत १९ फेऱ्यांची करून मध्ये वाहन बदलणे सक्तीचे केले गेले. ठरलेल्या फेरीनंतर वाहन बदलल्याने मार्क मार्केस यांना बाद ठरविण्यात आले. २०१६ पासून मिशलिनचे टायर आले व चाकांचा व्यास १६·५ इंचांवरून १७ इंच झाला. आता मागच्या टायरची पकड तुलनेने अधिक व पुढच्याची कमी होती. नोव्हेंबर २०१५ मधील चाचण्यांत अनेक निष्णात चालक पुढचे चाक निसटून पडले. वाहनाचा भार मागे सरकविणे, ब्रेक लवकर सोडणे असे बदल करणे त्यांना भाग पडले. २०१६ च्या हंगामात नऊ निरनिराळे विजेते झाले. नवी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणव्यवस्था व पावसाळी शर्यती यांबरोबर टायरबदल हेही त्याचे एक कारण मानले जाते.

भारत : भारतात टायरचे उत्पादन १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथील डनलपच्या कारखान्यात सुरू झाले. १९५८ मध्ये मुंबईत सिएट कंपनीची स्थापना झाली आणि मद्रास रबर फॅक्टरीने १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी या क्षेत्रात प्रवेश केला. १९५५ पासून मद्रास येथे जुळणी होऊ लागलेल्या बुलेट गाडीस १९ इंच व्यासाचे अरुंद टायर असत. १९८४ नंतर जपानी सहकार्याने आलेल्या १०० घ. सेंमी. गाड्यांचे १८ इंची टायर त्याहूनही बारीक होते. इंधनबचतीस ते अनुकूल ठरले. २००८ मधील यामाहा एफझेड १६ या गाडीस १४० मिमी. रुंदीचा मागचा अरीय टायर बसविलेला होता. त्यानंतर दिसण्यासाठी किंवा पकडीसाठी जुन्या गाड्यांवर रुंद टायर बसविण्याची हौस वाढली.

या हौशीचे परिणाम वरील विवेचनावरून ध्यानात येतात. अरुंद कडेवर रुंद टायर बसविल्यास त्याच्या कुशी आत दाबल्या जातात, माथा उंचावतो व कललेल्या स्थितीत टेकणारे क्षेत्र उलट घटते. उंची बदलल्यास वाहनाची भूमितीही बदलते : मागील १८०/५५ मापाच्या टायरऐवजी १८०/६० मापाचा टायर घातल्यास गाडीचा मागचा भाग सु. ९ मिमी. उचलला जातो, पुढचा चिमटा किंचित उभा होतो व गाडी अधिक चटकन वळते, पण सरळ मार्गावरील तिचे स्थैर्य घटते. एका चाकास तिरकस धाग्यांचा व दुसऱ्यास अरीय टायर लावल्यास दोन्ही टोकांचे वर्तन जुळत नाही. म्हणून निर्मात्याने मान्यता दिल्याशिवाय असे मिश्रण करीत नाहीत. मधोमध झिजून सपाट झालेला टायर आधी कलण्यास विरोध करतो व नंतर कडेवरून एकदम कलंडतो. झीज हळूहळू होत असल्याने चालकास हे जाणवत नाही आणि नवा टायर बसविताच गाडी अनोळखी वाटू लागते. शिवाय नव्या टायरचे पृष्ठ गुळगुळीत असल्याने पहिले शंभरएक किलोमीटर बेताने कलून ते खरबरीत होऊ द्यावे लागते. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर झिजलेल्या खाचा पाणी बाजूस सारू शकत नाहीत, तसेच हवेचा दाब कमी असल्यास खाचा मिटतात व टायर तापतो. मोटारसायकलचा टायर म्हणूनच केवळ झिजणारा सुटा भाग ठरत नाही; सुकाणू, निलंबन व ब्रेक यांच्याइतकाच तो वाहनाच्या मूळ रचनेचा घटक आहे.