दिनांकित पोथी आणि लिपीचा पुरावा : हार्ली ५५९८

लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीच्या हार्ली संग्रहात ५५९८ या क्रमांकाचे एक ग्रीक हस्तलिखित आहे. ख्रिस्ती उपासनेत मोठ्याने वाचावयाचे शुभवर्तमानांतील उतारे त्यात वाचनक्रमाने लिहिलेले आहेत. ग्रेगरी यांच्या सूचीत या पाठसंग्रहाचा क्रमांक १५० आहे. पोथी चर्मपत्रावर लिहिलेली असून पुष्पिकेवरून लिपिकाराचे नाव कॉन्स्टंटाइन होते व तो पुरोहित होता, असे कळते. लेखनसमाप्तीचा दिवस २७ मे, जगदुत्पत्तीपासून ६५०३ वे वर्ष, म्हणजे इ. स. ९९५ हा होय. बायझंटाइन वर्ष सप्टेंबरात सुरू होत असल्याने मे महिन्यासाठी ५५०८ वजा करावे लागतात. त्या वेळी दुसरा बेसिल सिंहासनावर होता.

या एका तिथीचे महत्त्व थोडे नाही. सारी पोथी मोठ्या, सुट्या उन्शियल अक्षरांत आहे. ग्रीक ग्रंथलेखनात छोट्या जोडअक्षरी लिपीचा प्रवेश पूर्वीच झाला होता. तिचे सर्वांत जुने दिनांकित उदाहरण, उस्पेन्स्की शुभवर्तमाने, इ. स. ८३५ चे आहे. म्हणजे कॉन्स्टंटाइनने १६० वर्षांनंतर जुनी लिपी हेतुपुरस्सर योजिली. पुष्पिका नष्ट झाली असती, तर केवळ अक्षरवळणावरून ही पोथी एखाद्या शतकाने मागे ढकलली जाण्याचा मोह अभ्यासकांस आवरला असता काय, याविषयी शंकाच आहे. जुनी लिपी म्हणजे जुनी पोथी, हे अनुमान येथे टिकत नाही.

लिपीच्या या निवडीमागे वाचनाची गरज दिसते. पाठसंग्रह हा खाजगी अध्ययनाचा ग्रंथ नव्हता. अंधुक प्रकाशात, स्वरात वाचणाऱ्यास ठळक अक्षरे हवीत. त्यांच्या वर-खाली वाचनस्वराच्या खुणांसही जागा हवी. या खुणांचा पद्धतशीर विचार कार्स्टन ह्योग यांनी १९३५ साली केला. पाठसंग्रहाच्या पहिल्या भागात वाचनवर्षाचा आरंभ ईस्टरच्या दिवशी योहानाच्या पहिल्या वचनाने होतो. त्यानंतर मत्तय, मग लूक, आणि उपवासकाळात शनिवार-रविवारी मुख्यतः मार्क. सणांचा दुसरा भाग १ सप्टेंबरापासून चालतो.

पाठचिकित्सकांनी मात्र या वर्गाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. उताऱ्याच्या आरंभी ‘त्या समयी’ असे शब्द घातलेले असतात, सर्वनामाऐवजी ‘येशू’ असे नाव लिहिलेले असते. त्यामुळे उपासनेच्या सोयीसाठी बदललेला पाठ म्हणून तो बाजूस सारला गेला. वस्तुतः असे बदल बहुधा उताऱ्यांच्या आरंभीच केंद्रित असतात आणि ते वगळता उरलेला पाठ साक्षीस पात्र राहतो. १९३३ मध्ये शिकागो येथे कोलवेल व रिडल यांच्या प्रस्तावनात्मक ग्रंथाने या अभ्यासास वळण लावले. हार्ली ५५९८ सारख्या पोथीत तिथी निश्चित असल्याने अशा तुलनेस एक स्थिर खूण मिळते.