गोदाकाठचं फिरतं गणित

२००६ साली पुणे विद्यापीठाच्या वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि होसेन जाफरी यांनी अरैखिक समीकरणं सोडवायची एक रीत मांडली. अभियांत्रिकीत ती आज देशोदेशी वापरतात. समीकरणाच्या एका बाजूला उत्तर ठेवायचं. दुसऱ्या बाजूला एक माहीत असलेला भाग आणि एक उत्तरातच अडकलेला. माहीत भाग हेच पहिलं उत्तर धरायचं, ते अडकलेल्या भागात घालायचं, निघेल ती दुरुस्ती मिळवायची आणि पुन्हा तेच.

या रीतीचं मूळ मला गोदावरीच्या काठी दिसतं. जालना जिल्ह्याची दक्षिण हद्द म्हणजे गोदा. याच जिल्ह्यातल्या परतूरच्या पुढे पाथरी, जुनं पार्थपूर. त्याच्याजवळ उत्तर तीरावर गोलग्राम. तिथलं ज्योतिषी घराणं काशीला गेलं आणि त्यातल्या कमलाकराने १६५८ मध्ये ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. परतूर १९८१ पर्यंत पाथरीसारखंच परभणी जिल्ह्यात होतं, तेव्हा या घराण्यावर जालन्याचाही हक्क मी सांगतोच.

कमलाकराकडे कोनाच्या तिसऱ्या हिश्श्याची ज्या, म्हणजे साइन, काढायची रीत आहे. ३ अंशांची ज्या भूमितीने निघते; १ अंशाला घनसमीकरण आडवं येतं. त्रिज्या १ धरून ३ अंशांच्या ज्येचा तिसरा हिस्सा घ्या: ०.०१७४४५३२. त्याच्या घनाची ४/३ पट त्यात मिळवा: ०.०१७४५२४०. नव्या आकड्याच्या घनाची ४/३ पट पुन्हा त्याच हिश्श्यात मिळवा: ०.०१७४५२४१. आठ दशांशांपर्यंत बिनचूक! पुण्याच्या रीतीने हेच समीकरण सोडवलं तर पायरीगणिक हेच आकडे येतात.

यावर आक्षेप आहे तो समरकंदचा. तिथल्या, १४२९ मध्ये वारलेल्या अल-काशीने १ अंशाची ज्या याच समीकरणातून काढली होती, नित्यानंद ज्योतिषाने १६३९ मध्ये ती रीत संस्कृतात आणली, आणि कमलाकरावर अरबी-फारसी ज्योतिषाचा ठसा स्पष्ट आहे. समीकरण तिकडचं, मान्य. पण उत्तर पुन्हा आत घालून घोटायची सवय इथली. सातव्या शतकातला पहिला भास्कर आणि ११५० चा दुसरा भास्कर ‘असकृत्’ म्हणत तेच करतात: आकडा हलायचा थांबेपर्यंत फिरून गणित.

शिवाय घराणं बघा. कमलाकराचा पणजोबा दिवाकर हा गणेश दैवज्ञाचा शिष्य. गणेशाने १५२० च्या ‘ग्रहलाघवा’त ज्या-चाप पार टाळले. दिवाकराच्याच मुलाने, मल्लारीने, त्यावर टीका लिहून ज्या न वापरताही उत्तर का जुळतं याची उपपत्ती दिली. जवळपासचं उत्तर किती जवळचं, हा प्रश्न त्या घरात समरकंदचं समीकरण पोचण्याआधीच चर्चेत होता, असं मी ठामपणे म्हणतो.