नवसागर, अमोनिया आणि लाकडाचा रंग



मी भाषेचा अध्यापक. म्हणून शब्दापासूनच आरंभ करतो. पांढुर्णा-सौंसरच्या जुन्या घरांना कल्हईवाल्याचा नवसागर अपरिचित नव्हता. हाच नवसागर चुन्याबरोबर चोळून मूर्च्छित माणसास हुंगवीत. त्यातून निघणारा उग्र वायू म्हणजे अमोनिया. तेराव्या शतकातील ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात नवसागर ‘नवसार’ आणि ‘चूलिकालवण’ या नावांनी भेटतो. ‘अमोनिया’ या शब्दाच्या मुळाशी मिसर देशाचा अमोन देव आहे.

याच वायूने लाकूड गडद करण्याची रीत ओक वृक्षाच्या देशांत रुजली. अमेरिकेतील फर्निचरकार गुस्ताव्ह स्टिकली (१८५८-१९४२) यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. पॉलिश न केलेले लाकूड बंद पेटीत ठेवावयाचे आणि तळाशी बशीत अमोनियाचे सुमारे २६ टक्के तीव्रतेचे द्रावण. वायू लाकडातील टॅनिनशी संयोग पावतो आणि एक-दोन दिवसांत लाकूड तपकिरी होते. हा रंग वरून चढत नाही, आतून उमटतो. म्हणून लाकडाच्या रेषा झाकल्या जात नाहीत.

टॅनिन सातपुड्याला नवे नाही. हिरडा आणि लोखंड यांपासून काळी शाई होई. बाभळीच्या सालीने कातडे कमावीत. ज्या लाकडात टॅनिन कमी, त्यास आधी टॅनिनचे पाणी द्यावे लागते.

परंतु हुंगण्यापुरता नवसागर वेगळा आणि हे तीव्र द्रावण वेगळे. हा वायू डोळे आणि फुफ्फुसे जाळतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग ही आठ तासांच्या कामाची मर्यादा मानतात. ३०० भागांत जिवाला धोका असतो. म्हणून पेटी मोकळ्या जागी, घरापासून दूर असावी. डोळ्यांवर घट्ट बसणारा चष्मा, हाती रबरी मोजे आणि तोंडावर अमोनियासाठीचाच मुखवटा हवा. साधा रुमाल कामाचा नाही. लाकूड आधी रचावे, द्रावण शेवटी ओतावे. पेटी उघडताना वारा पाठीकडून यावा आणि भरपूर पाणी हाताशी असावे. ब्लीचिंग पावडरचा संपर्क मुळीच नको.

१९८४ साली भोपाळमध्ये पसरलेला वायू निराळा होता. पण वायूविषयीचे अज्ञान किती महाग पडते, हे मध्य प्रदेशास कोणी शिकवावयास नको. आपल्या सुताराला कसब बापाकडून मिळाले. त्यामागचे कारण मात्र बहुधा कोणी सांगितले नाही. ते सांगणे हे शाळेचे काम आहे. कारण कळले, तरच हात सावध होतो.