'पिढे' आणि 'पेढी' : एका आसनवाचक शब्दाचा इतिहास

भोर-वेल्ह्याच्या मावळात चुलीपुढे बसावयाच्या बुटक्या लाकडी आसनाला 'पिढे', बोलीत 'पिढं', म्हणतात. दळलेल्या पिठाशी या शब्दाचा संबंध नाही; ते 'पिष्ट' या शब्दापासून आले. 'पिढे' हे पाली व संस्कृत या दोन्ही भाषांतील 'पीठ', म्हणजे आसन, या शब्दाचे प्राकृत वळण होय. दोन स्वरांमधील 'ठ'चा प्राकृतात 'ढ' होतो. 'मठ' आणि 'मढी' या जोडीत हाच बदल दिसतो. बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात 'पीढ' आणि 'पेढ' ही दोन्ही रूपे मान्य केलेली आहेत.

यांपैकी 'पेढ' हे रूप हेमचंद्राहून कितीतरी प्राचीन आहे. कान्हेरीच्या ब्राह्मी दानलेखांत लेणे व पाण्याची पोढी यांच्या जोडीने 'आसनपेढिका', म्हणजे बसावयाचे बाक, येतात. व्यापाऱ्याची 'पेढी' ही याच शब्दाची वारस : आधी बसावयाची जागा, मग तेथे चालणारा व्यवहार. भोरहून वरंध घाटाने महाडला उतरले की गांधारपाले येथील काणभोअ व्हेणुपालित या कुमाराच्या लेखात आठ 'ओवरक', म्हणजे खोल्या, आढळतात. आपली 'ओवरी' तीच. मराठी घरातील असे शब्द भिक्खू संघाला दिलेल्या दानांच्या लेखांत कोरलेले आहेत.

विनयपिटकात मंच आणि पीठ यांचा उल्लेख बहुधा जोडीने येतो. नवे पीठ करविताना त्याचे पाय सुगताच्या आठ अंगुळांहून उंच नसावेत. असल्यास कापावेत, असा पाचित्तिय नियम आहे. परंतु आसनाच्या उंचीपेक्षा त्यावर प्रथम कोणी बसावे, हा प्रश्न अधिक मोलाचा. चुल्लवग्गातील कथेप्रमाणे, इतरांनी निवासाच्या जागा आधीच अडविल्याने सारिपुत्ताला रात्र झाडाखाली काढावी लागली. तेव्हा भगवंतांनी संघाला विचारले, अग्रासनाचा अधिकारी कोण? क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेला, असे काहींनी सांगितले. ब्राह्मण कुळातून आलेला, असे काहींनी. भगवंतांनी दोन्ही उत्तरे नाकारली आणि उपसंपदेची ज्येष्ठता हाच निकष ठरविला. आसनाच्या मानातून कुळ वगळले गेले.

म्हणून घरात पिढे कोणासाठी मांडले जाते आणि भुईवर कोणास बसविले जाते, हा प्रश्न 'पिढे' या शब्दाच्या इतिहासाबाहेरचा नाही. त्याचे उत्तर विनयाने केव्हाच दिलेले आहे.