बिब्बा (भिलावा): धुऱ्यावरचे औषधी झाड – ओळख, लागवड आणि हाताळणीतील काळजी

बिब्बा हा आंबा आणि काजूच्या कुळातील पानझडी वृक्ष आहे. त्याला भिलावा, भेलवा, बिबा अशीही नावे आहेत. संस्कृतमध्ये त्याला भल्लातक म्हणतात. शास्त्रीय नाव सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू तालुक्यांतील डोंगराळ, मुरमाड भागात साग, तेंदू, धावडा, मोवई यांच्या सोबतीने हे झाड आढळते. काही ठिकाणी ते शेताच्या धुऱ्यावरही उभे दिसते. अंगावर उततो म्हणून अनेकजण ते तोडून टाकतात. फळाची रचना समजून घेऊन योग्य काळजी घेतली, तर मात्र हलक्या जमिनीच्या धुऱ्यावर हे झाड राखणे फायद्याचे ठरते.

झाडाची ओळख

झाड मध्यम उंचीचे असून साधारण १० ते १५ मीटर वाढते. पाने मोठी, टोकाला गोलसर आणि फांदीच्या शेंड्याकडे दाटीने येतात. पानांची खालची बाजू फिकट राखाडी असते. उन्हाळ्याच्या तोंडी पाने गळतात. पावसाळ्याच्या सुमारास हिरवट पिवळा फुलोरा येतो आणि हिवाळ्यात फळे पिकतात. नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर असतात, त्यामुळे काही झाडांना फळ धरतच नाही.

फळाचे तीन भाग

बिब्ब्याचे मोल आणि धोका दोन्ही फळात आहेत, म्हणून हे भाग नीट ओळखावेत.

- बिब्ब्याचे फूल: हा देठाचा फुगलेला, पिवळा-नारिंगी, गरदार भाग. काजूच्या बोंडासारखाच. पूर्ण पिकल्यावर तो वाळवून किंवा भाजून खातात.
- काळे टरफल: यात दाट, काळपट, दाहक तेल असते. त्यातील भिलावनॉल गटातील घटकांमुळे कातडीवर फोड येतात.
- गोडंबी: टरफलाच्या आतील गोड बी. डिंकाच्या लाडवांत, बाळंतिणीच्या खुराकात आणि मिठाईत वापरतात.

टरफलाच्या तेलाचा डाग कापडावरून जात नाही. म्हणून पूर्वी परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी तो वापरत, आणि त्यावरूनच इंग्रजीत या फळाला ‘मार्किंग नट’ नाव पडले. वाळवीपासून लाकूड वाचवण्यासाठी आणि बैलगाडीच्या आखाला वंगण म्हणूनही हे तेल वापरात होते.

औषधी उपयोग

चरकसंहितेत रसायन प्रकरणात भल्लातकाचे अनेक कल्प दिले आहेत. आयुर्वेदात अग्निमांद्य, मूळव्याध, संधिवात आणि काही त्वचारोगांत तो सांगितला आहे. मात्र कच्चा बिब्बा कधीच औषध नसतो. पाण्यात बुडणारी पक्व फळे निवडून, विटेच्या भुकटीत घासून तेल कमी करणे आणि धुणे अशा शोधनानंतरच तो औषधात जातो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीतील विषारी द्रव्यांत भल्लातकाचा समावेश आहे. त्यामुळे तो असलेले औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे.

सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर धरून त्याचे तेल दुधात पाडणे, दुखऱ्या सांध्यावर बिब्ब्याचे चटके देणे, भेगांत तेल भरणे हे घरगुती उपाय आजही होतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांवर ते करू नयेत. जखम चिघळण्याची आणि अंगभर पुरळ उठण्याची भीती असते.

जमीन व लागवड

हलकी, मुरमाड, उताराची, पाण्याचा निचरा होणारी जमीन चालते. हिंगणघाट-समुद्रपूरकडील भारी काळ्या जमिनीत पाणी साचत असेल, तर लागवड टाळावी.

- ताजी, पाण्यात बुडणारी फळे बियाण्यासाठी घ्यावीत. जुन्या बियांची उगवण घटते.
- सोटमूळ खोल जात असल्याने उंच पिशव्या वापराव्यात.
- वर्षभर वाढलेली रोपे पावसाळ्याच्या सुरुवातीला धुऱ्यावर ६ ते ८ मीटर अंतराने लावावीत.
- बियांपासूनच्या झाडाला फळ धरेल की नाही, हे फुलोरा आल्यावरच कळते. म्हणून भरघोस फळणाऱ्या झाडाच्या काडीचे कोवळ्या रोपावर कलम करणे चांगले.
- पहिली दोन-तीन वर्षे गुरांपासून राखण आणि उन्हाळ्यात आळ्यात आच्छादन करावे.

पाऊलवाट, विहीर, गोठा किंवा मुले खेळतात त्या जागेजवळ हे झाड लावू नये.

काढणी व हाताळणी

झाडावर चढून कच्ची फळे ओरबाडू नयेत. पिकून खाली पडलेली फळे वेचावीत.

- लांब बाह्यांचे कपडे, जाड हातमोजे आणि चप्पलऐवजी बूट वापरावेत. पातळ रबरी मोज्यांतून तेल झिरपू शकते.
- काम सुरू करण्यापूर्वी उघड्या अंगाला खोबरेल लावण्याची जुनी रीत आहे, पण ती हातमोज्यांना पर्याय नाही.
- त्याच हाताने डोळे, तोंड पुसू नये. लघवीला जाण्याआधीही हात साबणाने धुवावेत.
- तेल लागल्यास लगेच साबण आणि भरपूर थंड पाण्याने धुवावे, चोळू नये. पुरळ काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनीही उठते.
- फोडातल्या पाण्याने त्रास पसरत नाही. तो नखांत आणि कपड्यांवर राहिलेल्या तेलाने पसरतो. म्हणून कामाचे कपडे वेगळे धुवावेत.
- फांद्या, टरफले चुलीत जाळू नयेत. धुरानेही त्रास होतो.
- डोळ्यांत तेल गेल्यास, चेहरा सुजल्यास किंवा श्वास लागल्यास ताबडतोब दवाखाना गाठावा.

गोडंबी आणि विक्री

अख्ख्या बिब्ब्याच्या आणि गोडंबीच्या किलोमागच्या भावात मोठे अंतर असते. हे अंतर बिबे फोडण्याच्या कष्टाचे आहे. विदर्भात हे काम मुख्यतः महिला करतात, आणि दगडाने किंवा हत्याराने फोडताना उडणाऱ्या तेलाने त्यांचे हात, चेहरे भाजतात. संरक्षणाची साधने नसतील तर घरी बिबे फोडू नयेत, अख्खे फळ विकावे. बचत गटाने काम घ्यायचे असल्यास फोडणी यंत्र, हातमोजे आणि चष्मा यांचा खर्च आधी हिशेबात धरावा. मजुरीही किलोवर ठरवताना या जोखमीचा विचार व्हावा.

जंगलातील बिब्बा हे गौण वनउपज आहे. वनहक्क कायदा २००६ नुसार हक्क मान्य झालेल्या ग्रामसभांना ते गोळा करून विकता येते. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प घोषित झालेल्या बोर अभयारण्यात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय वेचणीसाठी जाऊ नये. रोपे व लागवडीविषयी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात विचारणा करावी. लागवडीचा निर्णय घेण्यापूर्वी जवळच्या बाजारातील खरेदीदार आणि त्यांना हवा असलेला माल, अख्खा बिब्बा, फूल की गोडंबी, याची खात्री करून घ्यावी.