लठ्ठ्यांचा हिशेब

आमच्या घरी अण्णासाहेब लठ्ठ्यांचं नाव निघालं, की आजी म्हणायची, ‘त्यांनी दारू बंद केली हो!’ बेळगावातली वकिली, कोल्हापूरची दिवाणगिरी, मग 1937 साली खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्रिपद. जैन माणसाला दारूबंदी कुणी पटवायला नको. पण अबकारीचं उत्पन्न सोडलं, तर सरकारी तिजोरी भरायची कशानं? मला लठ्ठे दिसतात ते इथं. त्यांनी मुंबईतल्या घरांच्या वार्षिक भाडेमूल्यावर 10 टक्के कर बसवला. घरमालक खवळले, प्रकरण कोर्टात गेलं. 1 ऑगस्ट 1939 ला मुंबईत दारूबंदी आली. नोव्हेंबरात, हिंदुस्थानला न विचारता लढाईत ओढलं म्हणून, मंत्रिमंडळानंच राजीनामा दिला. आजीच्या गोष्टीत तो कर कधीच आला नाही.